संत्र्याची पेटी आणि उलटलेली बस

नागपूरच्या कळमना बाजारातली संत्र्याची लाकडी पेटी घ्या. रिकामी पेटी वरून दाबली तर सहसा दाद देत नाही. तिचीच वरची कड धरून बाजूने रेटा. खिळे करकरतात, चौकोन तिरपा होतो आणि पेटी एका अंगावर बसते. फळी एकही मोडलेली नसते. दगा देतात ते कोपरे.

बस उलटते तेव्हा असंच घडतं. बाहेरचा रंगीत पत्रा हे बसचं अंगावरचं कापड. भार पेलतो तो आतला पोलादी सांगाडा. जमिनीलगतचा आडवा बीम, दोन बाजूंचे खांब आणि छताची कमान मिळून एक चौकट बनते. अशा चौकटी पुढून मागपर्यंत ओळीने उभ्या असतात. बस आडवी झाली की छताची कड आधी जमिनीवर आदळते, चौकटी बाजूने रेटल्या जातात आणि खिडकीच्या खालच्या पट्टीपाशी खांब दुमडू लागतात.

धक्का किती मोठा असतो? 12 टनांच्या बसचा गुरुत्वमध्य, म्हणजे तिच्या वजनाचा मधला बिंदू, उलटताना एक मीटर खाली आला असं धरू. मोकळी होणारी ऊर्जा जवळपास 1 लाख 20 हजार ज्यूल भरते. एक टनाची मोटार ताशी 55 किलोमीटरने येऊन धडकावी, तेवढी! ही ऊर्जा कुठेतरी जिरायलाच हवी. सांगाड्याने ती पचवली नाही, तर भरपाई प्रवाशांची हाडं करतात.

मग पोलाद जाड करायचं? पहिला विचार तोच येतो, आणि तो अर्धाच बरोबर आहे. जाड खांबाने वजन वाढतं. ते छताकडे वाढलं तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि बस उलटायला आणखी तयार होते. शिवाय खांब कितीही दणकट असला, तरी त्याच्या बुडाशी वेल्डिंग कच्चं असेल तर तो तिथून सुटतो. सुटलेला खांब ऊर्जा खात नाही. ऊर्जा खातो तो वाकणारा खांब. तार वाकवताना बोटांना ती गरम लागते ना, त्यातलीच ही गोष्ट. म्हणून चांगला अभियंता खांब कुठे वाकेल हे आधीच ठरवतो आणि कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्यांचा आधार देतो. त्या पट्टीची किंमत बसच्या पडद्यांपेक्षा जास्त नसावी. पण प्रवासी तिकीट काढताना पडदे बघतो.

याची परीक्षाही ठरलेली आहे. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 66 आणि त्याच धर्तीचं आपलं एआयएस-031 हे मानक यांत बस एका फळीवर उभी करून हळूहळू कलती करतात आणि 800 मिलिमीटर खाली असलेल्या काँक्रीटवर पडू देतात. बस चेपली तरी चालेल. आसनांभोवती आखलेल्या जागेत मात्र सांगाड्याचा कुठलाही भाग घुसता कामा नये. जगण्यापुरती जागा, एवढीच मागणी. दर वेळी आख्खी बस मोडणं परवडत नाही, म्हणून तिचा एक तुकडा उलटवून किंवा संगणकावर हिशोब करूनही चाचणी मान्य होते.

आपल्या एसटीच्या बसबांधणीच्या मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक इथेच, नागपूरजवळ हिंगण्याला आहे. गेल्या दशकात एसटीने अ‍ॅल्युमिनियमची बांधणी सोडून माइल्ड स्टीलची धरली. हे पोलाद तुटण्याआधी बरंच ताणलं जातं, आणि वर सांगितलेल्या वाकण्याच्या खेळात हाच गुण कामाचा.

स्लीपर कोचचं गणित वेगळं. रात्री नागपूरहून सुटणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्समध्ये निम्मी माणसं वरच्या बर्थवर असतात, म्हणजे भार उंचावर. वरचा प्रवासी झोपतोही नेमका छताच्या त्या कडेजवळ, जी सगळ्यात आधी जमिनीला भिडते.

1 जुलै 2023 ला रात्री दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली. 25 जण गेले. बस डाव्या अंगावर पडली होती, म्हणजे दरवाजा बसखाली, जमिनीला टेकलेला. अडीच मीटर रुंदीची बस आडवी झाली की उजव्या खिडक्या डोक्यावर अडीच मीटर उंच छत होऊन बसतात. धुरात, अंधारात तिथवर चढणार कोण? अशा वेळी छतातली झडप मात्र हाताच्या उंचीवर, उभ्या भिंतीत येते. मागची काचही तशीच. पण सांगाडा तिरका झाला की झडपेची चौकट पिळली जाते आणि ती अडकून बसते. त्यामुळे झडपेभोवतीची चौकट ताठ ठेवणं हेही सांगाडा आखणाऱ्याचंच काम. आणि ती झडप वर सामान बांधून किंवा आतून पत्रा ठोकून बंद केलेली असेल, तर अभियंत्याने काय करायचं?

समोरून बसणारी धडक हा तर आणखी निराळा विषय. उलटण्याच्या चाचणीत पास झालेली बस उभ्या ट्रकच्या मागच्या कडेवर आदळली, तर चौकटींची ती सगळी ओळ चालकाच्या पाठीमागे असते. त्याच्यापुढे असते काच.