क्ष-किरणांतला अरोरा: फोटो निघायला चाळीस वर्षं का लागली

मे २०२४ मधे सूर्याचं मोठं वादळ आलं, लडाखच्या हानलेवरून अरोराचे (ध्रुवांकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत उजेड), म्हणजे लाल आकाशाचे फोटो आले आणि आमच्या भुसावळात पण दोन-चार जण उत्तरेकडे तोंड करून गच्चीवर बसले (मे महिन्यात तसंही गच्चीवरच झोपतो आपण). दिसलं काहीच नाही, खान्देश चुंबकीय ध्रुवापासून फार लांब. तरी ४ फेब्रुवारी १८७२ ला थेट मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे, त्यामुळे बसणाऱ्यांना मी हसलो नाही.

पण डोळ्याला दिसतो तो अरोरा पूर्ण नाहीच. वरून येणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन-नायट्रोजनला धडकतात तेव्हा हिरवा-लाल रंग येतो, आणि त्यातले जास्त जोरातले असतात ते १०० किमीच्या आसपास किंवा अजून खाली घुसतात, तिथे अणूंजवळ त्यांना करकचून ब्रेक लागतो आणि क्ष-किरण निघतात. दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनमधे हेच होतं, तिथे समोर धातू, इथे हवा. हे किरण जमिनीवर पोचतच नाहीत, मधली हवा गिळून टाकते. म्हणजे शोधायचे तर वर जा.

१९५३ च्या सुमाराला अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेम्स व्हॅन अॅलनच्या टीमने तेच केलं, फुग्याला रॉकेट टांगायचं आणि बऱ्याच उंचीवर गेलं की ते पेटवायचं. उत्तरेकडे अरोराच्या पट्ट्यात किरण मोजणारे काउंटर भलतेच वाजले आणि पुढे कळलं की ते अरोराचे क्ष-किरण. मग १ जुलै १९५७ ला अमेरिकेतल्या मिनियापोलिसवर जॉन विंकलर या भौतिकशास्त्रज्ञाच्या फुग्याने अरोरा चालू असतानाच क्ष-किरण पकडले. पण ही सगळी नुसती मोजणी, चित्र नाही. फुगा आपल्या डोक्यावरचा तुकडा बघणार आणि सत्तरच्या दशकातले कमी उंचीवरून फिरणारे उपग्रह पायाखालची एक पट्टी, अख्खा अरोरा एका नजरेत कुणालाच नाही.

मुख्य अडचण कॅमेऱ्याची. इतक्या जोराचे क्ष-किरण काचेच्या भिंगाने वळत नाहीत, मग फोटो काढायचा कसा? उत्तर आपल्याकडे लहानपणी प्रत्येकाने बघितलंय. दुपारी उन्हामुळे दारं-खिडक्या बंद, दाराला एक भोक, आणि समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची सायकल उलटी चाललेली! २४ फेब्रुवारी १९९६ ला नासाचा पोलर उपग्रह गेला, त्यावरचा पिक्सी नावाचा कॅमेरा हाच प्रकार होता, पुढे बारीक भोक, मागे वायू भरलेला डिटेक्टर, साधारण २ ते ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे किरण टिपणारा. कक्षा लांबट, फेरीला १८ तासांच्या आसपास, त्यामुळे तो वर गेला की ध्रुवाभोवतीचं अरोराचं अख्खं कडं खाली दिसायचं. मार्च १९९६ मधे पृथ्वीचं क्ष-किरणांतलं पहिलं चित्र आलं ते यातूनच.

भोकाचा तोटा म्हणजे किरण थोडेच आत येतात, एकेका चित्राला काही मिनिटं जमवाजमव. पण फायदा बघा, अतिनील कॅमेऱ्यात वादळ मध्यरात्रीच्या बाजूला भडकलेलं दिसायचं, आणि पिक्सीत थोड्या वेळाने सकाळच्या बाजूलाही एक ठिपका उजळायचा जो अतिनील चित्रात जवळपास नसायचाच! जोरातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात पूर्वेकडे सरकत जातात आणि वाटेत गळतात, त्यांचा तो ठिपका. माझ्या मते एवढ्यासाठीच कॅमेरा वसूल.

पोलर २००८ मधे बंद केला. त्याआधी २००४ मधे चंद्रा वेधशाळेने (अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण, आपल्या शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची) मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांतला अरोरा टिपला, २००७ च्या त्या पेपरचे पहिले लेखक तेव्हा तिरुवनंतपुरमला काम करणारे अनिल भारद्वाज. गंमत म्हणजे लांबचे तारे बघायला बनवलेली ही दुर्बीण जवळून सरकणाऱ्या पृथ्वीचा पाठलाग करत बसली नाही, आकाशात एका जागी रोखून ठेवली आणि उत्तर ध्रुव आपोआप समोरून जाऊ दिला.