वनस्पती पेशी-सांगाड्यातील प्रथिनांचे संगणकीय प्रारूपण

वनस्पतींच्या पेशीत सूक्ष्मनलिका (प्रथिनांच्या पोकळ नळ्या) आणि ॲक्टिन तंतू (ॲक्टिन या प्रथिनाचे धागे) यांचे सतत बांधले-मोडले जाणारे जाळे, म्हणजेच पेशी-सांगाडा, असतो. त्यातील प्रथिनांचे आकार, त्यांची एकमेकांवरील पकड आणि त्या पकडीतून उभी राहणारी रचना संगणकावर मांडून तपासण्याची ही पद्धत. या एका नावाखाली दोन बरीच वेगळी कामे चालतात. एकात प्रथिनाचा अणू न् अणू हिशेबात घेतला जातो. दुसऱ्यात अख्खी सूक्ष्मनलिका म्हणजे नुसती एक काडी असते. ती वाढते, आखडते, दुसऱ्या काडीला धडकते. दोहोंचा मेळ अजून पुरता बसलेला नाही.

प्राण्यांच्या बहुतेक पेशींत सूक्ष्मनलिका सेंट्रोसोम या केंद्रापासून फुटतात. फुलझाडांच्या पेशीत सेंट्रोसोम नसतो. तरीही लांबणाऱ्या पेशीच्या पटलाखाली सूक्ष्मनलिका समांतर आणि पेशीच्या लांबीला आडव्या, पिंपाला घातलेल्या कड्यांसारख्या दिसतात. १९६२ मध्ये पॉल ग्रीन यांनी नायटेला या शैवालाला कॉल्चिसीन हे सूक्ष्मनलिका मोडणारे औषध दिले, तेव्हा नळकांडीसारख्या पेशी फुगून गोल होऊ लागल्या. त्यावरून भिंतीला दिशा देणारे काही प्रथिन-तंतू आत असले पाहिजेत, असा तर्क त्यांनी केला. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सूक्ष्मनलिका दिसल्या. भिंतीतले सेल्युलोज विणणारी प्रथिन-संकुले याच नलिकांच्या वाटेने सरकतात, हे जिवंत पेशीत दिसायला मात्र २००६ साल उजाडले. मुकादम नसताना नलिकांच्या या रांगा लावते कोण, हा प्रश्न नुसत्या पाहण्याने सुटणारा नव्हता.

सूक्ष्मनलिकेची वीट म्हणजे आल्फा आणि बीटा ट्युब्युलिनची जोडी. जोडीची लांबी सुमारे ८ नॅनोमीटर. अशा जोड्यांच्या साधारण १३ उभ्या माळा शेजारी-शेजारी जुळल्या की २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी होते. ट्युब्युलिनची अणूंच्या पातळीवरची रचना नोगालेस, वुल्फ आणि डाउनिंग यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली, पण ते प्रथिन सस्तन प्राण्याच्या मेंदूतले होते. त्यामुळे वनस्पती-ट्युब्युलिनची सुरुवातीची प्रारूपे या साच्यावर बेतली गेली. ॲमिनो आम्लांचा क्रम ८० ते ९० टक्के जुळतो, म्हणून साचा वनस्पतीच्या क्रमाला बसतो. या रीतीला होमोलॉजी मॉडेलिंग म्हणतात.

खरी मेख उरलेल्या दहा-वीस टक्क्यांत आहे. कॉल्चिसीन प्राण्यांच्या ट्युब्युलिनला घट्ट धरते, वनस्पतींच्या ट्युब्युलिनला सैल. ट्रायफ्ल्युरालिन, ओरिझालिन यांसारखी डायनायट्रोॲनिलिन गटातील तणनाशके नेमकी उलट वागतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या शेतांत एल्युसिने इंडिका हे गवत या तणनाशकांना दाद देईनासे झाले. १९९८ मध्ये कळले, की त्याच्या आल्फा ट्युब्युलिनमध्ये २३९ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आले आहे. सुमारे ४५० ॲमिनो आम्लांच्या साखळीत एवढा एकच बदल!

मग हे तणनाशक ट्युब्युलिनवर बसते नेमके कोठे? रेणू प्रथिनाच्या पृष्ठभागावर फिरवून तो कोणत्या खाचेत चपखल बसतो हे पाहण्याला डॉकिंग म्हणतात. कीव्ह येथील यारोस्लाव ब्लूम यांच्या गटाने या गवताच्या ट्युब्युलिनवर असे काम केले आणि एका जोडीवर दुसरी जोडी जेथे टेकते त्या संपर्कपृष्ठावर ही जागा दाखवली. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या ट्युब्युलिनवरील प्रारूपात मात्र याच गटातले तणनाशक प्रथिन-साखळीच्या एका वळशाखाली बसते आणि शेजारच्या माळांची आपसांतली पकड ढिली करते. दोन्ही प्रारूपे आपापल्या जागी सुसंगत आहेत. डॉकिंगचे चित्र पाहताना ही गोष्ट विसरली जाते: संगणक जागा सुचवतो, ती सिद्ध करत नाही.

२०२१ मध्ये प्रथिनांचे आकार भाकीत करणाऱ्या आल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीचा संग्रह खुला झाला आणि पहिल्याच खेपेत त्यात ॲरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीची प्रथिने होती. साचा शोधण्याचे निम्मे कष्ट वाचले. पण ट्युब्युलिनच्या साखळीचे शेवटचे, ऋणप्रभारित शेपूट पाण्यात मोकळे हलत असते. त्याला ठरावीक आकारच नसल्याने तेथे प्रारूपाचा भरवसा धरता येत नाही. पंचाईत ही, की सूक्ष्मनलिकांना जोडणारी अनेक प्रथिने याच शेपटांना चिकटतात.

हालचाल पाहायची तर रेणवीय गतिकीकडे वळावे लागते. त्यात प्रत्येक अणूवरील बल काढून त्याला किंचित पुढे सरकवतात. एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचे (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग). पाण्यासकट एका ट्युब्युलिन-जोडीचे अणू लाखांच्या घरात जातात आणि गणित मायक्रोसेकंदांपर्यंत (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत) पोचता पोचता दमते. खऱ्या सूक्ष्मनलिकेची वाढ-घसरण मात्र मिनिटांची असते. ही दरी अणूंच्या हिशेबाने ओलांडता येत नाही, म्हणून दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतात.

तेथे नियम मोजकेच. नलिका ठरावीक वेगाने वाढते आणि अधूनमधून अचानक कोसळू लागते. हा लहरीपणा मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवला होता. डिक्सित आणि सायर यांनी २००४ मध्ये तंबाखूच्या पेशींत टकरी मोजल्या. दोन नलिका सुमारे ४० अंशांहून कमी कोनात भेटल्या तर येणारी वळून दुसरीला बिलगते. कोन मोठा असेल तर ती ओलांडून जाते किंवा कोसळते. एवढेच नियम संगणकाला दिले, तरी वेड्यावाकड्या विखुरलेल्या काड्या योग्य वेगमर्यादांत हळूहळू एका दिशेला लागतात. २०१० च्या सुमारास निरनिराळ्या गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत देखणा निष्कर्ष आहे.

मात्र काड्या एका दिशेला लागणे आणि ती दिशा आडवी असणे यांत फरक आहे. तेथे पेशीचा आकार मध्ये येतो. धारदार कडेवर वळताना नलिका कोसळते आणि क्लॅस्प हे प्रथिन काही कडांवर तिला सावरते, असे धरले की घनाकृती पेशीत हवी ती दिशा निघते. कॅटॅनिन या कापणाऱ्या प्रथिनाचे गणित अधिक अवघड ठरले. ते नसलेल्या ॲरॅबिडॉप्सिसमध्ये रांगा विस्कटतात, म्हणजे कापण्याने शिस्त येते हे उघड. पण प्रारूपात कातर कशीही चालवून भागत नाही. छेदनबिंदूवर नंतर आलेली नलिका निवडून कापली, तर ती शिस्त वाढवते.

ॲक्टिनकडे वनस्पतींच्या बाबतीत तुलनेने कमी लक्ष गेले आहे. कारा या शैवालाच्या पेशीत मायोसिन हे चालक प्रथिन ॲक्टिनवरून धावते आणि पेशीद्रव घुसळत राहते. मायोसिनच्या ओढीने द्रव वाहतो आणि वाहणारा द्रव तंतूंना आपल्या दिशेला वळवतो, अशी साखळी मांडणारे प्रारूप वुडहाउस आणि गोल्डस्टीन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात सुरुवातीला दिशाहीन असलेले तंतू आपोआप प्रवाहाच्या पट्ट्यांत लागतात.