बर्नी लेडनचा बँजो : ईगल्सच्या गाण्यांमागची पार्श्वभूमी

ईगल्स या अमेरिकी रॉक बँडचं नाव निघालं की आपल्याकडे बहुतेकांच्या कानात 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची गिटार वाजू लागते. ते गाणं मलाही प्रिय आहे. पण ज्या ईगल्सवर माझा जीव जडला, ते त्याआधीच्या चार वर्षांतले. त्या गाण्यांची मुळं शोधायची तर १९६८ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी लॉस एंजेलिसचा 'द बर्ड्स' हा रॉक बँड कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला जाऊन चक्क कंट्री, म्हणजे अमेरिकी गावाकडच्या वळणाची गाणी ध्वनिमुद्रित करून आला. केस वाढवलेल्या रॉकवाल्या पोरांना कंट्री म्हणजे वडीलधाऱ्यांचं जुनाट संगीत वाटायचं, आणि नॅशव्हिलच्या जुन्या श्रोत्यांना ही पोरं खपत नव्हती. मार्चमध्ये 'ग्रँड ओल ऑप्री' या तिथल्या नावाजलेल्या कंट्री कार्यक्रमाच्या मंचावर बर्ड्सचं स्वागत थंडच झालं. पुढे त्यांच्यातले ग्रॅम पार्सन्स आणि ख्रिस हिलमन यांनी 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' हा बँड काढला. रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत, पण वाट मोकळी झाली. १९६९ मध्ये याच बँडमध्ये बर्नी लेडन आला. गिटार, मेंडोलिन, बँजो, काहीही हातात द्या, तो वाजवणार. ब्लूग्रास, म्हणजे बँजो-मेंडोलिनवरचं वेगवान कंट्री संगीत, त्याच्या बोटांत लहानपणापासून मुरलेलं.

इथे एक खुलासा करतो. आपल्या मिरवणुकीतल्या बँजो पार्टीतला बँजो म्हणजे खरं तर बुलबुल तरंग. लेडनचा बँजो वेगळा : गोल चामडी तोंडाचा, लांब दांड्याचा, बोटांना नख्या लावून छेडायचा.

१९७१ मध्ये डेट्रॉइटचा ग्लेन फ्राय आणि टेक्ससमधल्या लिंडन गावचा डॉन हेन्ली हे गायिका लिंडा रॉनस्टॅटला साथ करत होते. 'पोको' या बँडमधून बाहेर पडलेला रँडी माइसनर आणि लेडन त्यांना मिळाले आणि ईगल्स उभा राहिला.

निर्माता ग्लिन जॉन्सने त्यांना पहिल्यांदा मंचावर ऐकलं तेव्हा त्याला ते मुळीच भावले नाहीत. नंतर एका तालमीत चौघांनी साध्या गिटारीवर एक संथ गाणं म्हटलं. चार गळ्यांचे सूर एकमेकांत असे मिसळले की त्याचं मत तिथेच फिरलं. पहिला अल्बम त्याने लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत केला; कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांची ही गाणी लंडनमध्ये घडली आहेत.

त्यातलं 'टेक इट इझी' हे गाणं गायक-गीतकार जॅक्सन ब्राउनचं. ते अर्ध्यावर अडलं होतं, फ्रायने पुरं केलं. पण मी ते पुन्हा पुन्हा ऐकतो ते बँजोसाठी. लेडनने दुप्पट लयीत बँजो वाजवावा, ही सूचना जॉन्सची. हेडफोन लावून ऐका : गाणं आपल्या निवांत चालीने चाललंय आणि मागून बँजोचे दाणे पत्र्यावरच्या पावसासारखे तडतडतायत. आरामात घ्या म्हणणाऱ्या गाण्याच्या पोटात ही धावपळ! तो बँजो काढला तर उरेल ते एक बरं रॉक गाणं, एवढंच.

मग बँड हळूहळू रॉककडे वळला. १९७४ मध्ये जॉन्सच्या जागी बिल शिमचिक आला, डॉन फेल्डरची इलेक्ट्रिक गिटार आली. बाजारात हे सगळं फळलं, यात वाद नाही. लेडनचं मन मात्र उडालं आणि १९७५ च्या अखेरीस तो बाहेर पडला. त्याची जागा जो वॉल्शने घेतली आणि पुढच्याच वर्षी 'हॉटेल कॅलिफोर्निया' आला.

जाण्यापूर्वीच्या शेवटच्या अल्बममध्ये लेडनने एक शब्दाविना रचना ठेवली, 'जर्नी ऑफ द सॉर्सरर'. साडेसहा मिनिटं बँजो आणि त्याच्यामागे व्हायोलिनांचा ताफा. १९७८ मध्ये बीबीसी रेडिओवर अंतराळप्रवासाची एक विनोदी मालिका सुरू झाली, तेव्हा तिचं शीर्षकसंगीत म्हणून हाच तुकडा निवडला गेला. ईगल्सचं एकही गाणं माहीत नसलेल्या कितीतरी इंग्रज श्रोत्यांना हा बँजो मात्र पाठ आहे.