एक नळ, चाळीस मुलं आणि साबणाची वडी

दुपारची सुट्टी झाली की शाळेच्या नळावर झुंबड उडते. पोषण आहाराची खिचडी तयार असते, पोटात कावळे ओरडत असतात. हातावरून पाणी गेलं न गेलं की पोरं पंगतीत. जरा हिशोब मांडून बघा. साबण चोळायला 20 सेकंद धरले, तरी एका नळावर 40 मुलांना 13 मिनिटांहून जास्त वेळ लागतो. मुलांना सवयच नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी नळ मोजावेत.

आता हे 20 सेकंद कशासाठी? साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट पदार्थाला. फ्लू किंवा करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं. साबणाचे रेणू त्यात घुसले की ते फाटतं आणि विषाणू निकामी होतो. उलट्या-जुलाब घडवणारे नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस, तसाच काविळीचा हिपॅटायटिस ए, यांना मात्र हे आवरण नसतं. ते साबणाला सहजी दाद देत नाहीत. हात खसाखसा चोळले की त्वचेवरच्या तेलकट थरासकट ते सुटतात आणि वाहत्या पाण्याबरोबर जातात. पाणी वाहतंच हवं. सगळ्या वर्गाने एकाच बादलीत हात बुचकळले, तर पहिल्याच्या हातचं शेवटच्याच्या ताटात पोचतं.

सॅनिटायझर इथे फारसा उपयोगी नाही. नोरोव्हायरसवर तो लंगडा पडतो, मातीने माखलेल्या हातांवर तर अधिकच. नखांत अडकलेल्या जंतांच्या अंड्यांवरही त्याचा भरवसा नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी पोटातले जंत मारते, पण नवी अंडी तोंडात जाणं ती थांबवत नाही. तेव्हा नखं कापलेली बरी.

कराचीच्या गरीब वस्त्यांत घरोघरी साबण देऊन आणि हात धुण्याची सवय लावून एक अभ्यास झाला; तो 2005 साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया निम्म्याने घटला, जुलाबही जवळपास तितकेच कमी झाले. गंमत म्हणजे साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक दिसला नाही. जाहिरातीतल्या महागड्या वडीसाठी पालकांकडून वर्गणी काढायचं काही कारण नाही.

गोवर आणि कांजिण्या मुख्यतः हवेतून पसरतात, तिथे हात धुणं पुरत नाही. गोवराला लस हवी. ताप आणि पुरळ आलेलं मूल घरी राहू द्यावं, परीक्षा असली तरी. वर्गाच्या खिडक्याही उघड्या ठेवाव्यात.

राहिला नळांचा प्रश्न. त्यावर स्वस्त तोड आहे. आडव्या पीव्हीसी पाइपला हातभर अंतरावर बारीक भोकं पाडायची, एका टोकाला बूच आणि दुसऱ्या टोकाला टाकीचा कॉक. दहा भोकं असली तर दहा मुलं एकदम हात धुतात, 40 जणांचा वर्ग चार खेपांत आटोपतो. साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून पाइपला बांधली की चिखलातही पडत नाही आणि कुणाच्या दप्तरातही जात नाही.