हिंदीत आवाज कोणाचा? शेरखान ते मुफासा, थोडी पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत ॲनिमेशनच्या पिक्चरची तिकिटं काढताना आता पोरांच्या आधी मोठेच विचारतात, हिंदीत आवाज कोणाचा आहे रे? डिसेंबर २०२४ ला मुफासा आला तेव्हा तर हिंदीत शाहरुख खान आणि त्याचे दोन्ही मुलगे एकाच पिक्चरमध्ये, त्यामुळे ज्यांना सिंहांशी काही देणंघेणं नाही अशा काकू-मावश्यापण थेटरात गेल्या. ही सवय हॉलिवूडकडून आली असं सरसकट म्हणतात, ते अर्धंच खरं आहे.

हॉलिवूडचं थोडक्यात. १९९२ च्या अलादीनमधल्या जिनीला एका मोठ्या विनोदी नटाचा आवाज होता. माझा आवाज खेळणी-बिळणी विकायला वापरू नका असं त्याने आधीच बजावलं होतं, ते पाळलं नाही म्हणून स्टुडिओशी त्याचं चांगलंच बिनसलं. पुढे टॉय स्टोरी (१९९५), श्रेक (२००१), आणि मग आवाजासाठी स्टार घेणं नेहमीचंच झालं.

आपल्याकडे हे टीव्हीवरून आलं. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी जंगल बुक हिंदीत लागायचं, त्यातला शेरखान कोणाच्या आवाजात गुरगुरायचा हे मराठी माणसाला सांगायला नको. मुरुडचा आपला नाना पाटेकर, वाक्य मध्येच तोडायचं, दोन शब्द दाताखाली दाबायचे आणि तिसरा अंगावर फेकायचा. शिवाय मोगलीचं सिवनी आणि वैनगंगा आपल्याच मध्य प्रदेशातले, त्यामुळे इकडच्या पोरांना ते जास्तच जवळचं वाटायचं. नटाचं नाव पुष्कळांना नंतर कळलं, आवाज आधी ओळखीचा झाला. नव्वदच्या दशकातल्याच भारत-जपानच्या रामायणाच्या हिंदी आवृत्तीत रामाला टीव्ही मालिकेतल्या रामाचाच आवाज दिला, तोही लोकांच्या कानात आधीच बसलेला होता म्हणून.

मधला काळ पटकन सांगतो. २००४ मध्ये हम हैं लाजवाब, म्हणजे द इन्क्रेडिबल्सचं हिंदी, तिथे शाहरुख आणि आर्यन ही बाप-लेकाची जोडी पहिल्यांदा. २००८ ला जंबो आणि रोडसाइड रोमियो. २०१३ च्या ॲनिमेशनच्या महाभारतात भीष्म, अर्जुन, कर्ण, द्रौपदी सगळ्यांना पहिल्या फळीतले आवाज होते, तरी पडला.

खरा वाद २०१६ च्या जंगल बुकपासून पेटला. तो पिक्चर अमेरिकेच्या एक आठवडा आधी, ८ एप्रिलला भारतात लागला. मोगली सोडला तर जवळपास सगळं काँप्युटरवर केलेलं, आणि हिंदीत शेरखान, बगीरा, बल्लू आणि ‘का’ नावाचा अजगर, सगळ्यांना नावाजलेले नट. यावर डबिंगवाल्यांची तक्रार जुनीच आहे की वर्षभर आम्ही राबायचं आणि मोठा पिक्चर आला की माइक स्टारच्या हातात. तक्रारीत तथ्य आहे, आणि ते समजायला काम कसं चालतं ते बघावं लागतं. मूळ ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्र नंतर हलतं, म्हणजे नट पात्र घडवतो. डबिंगमध्ये चित्र तयार असतं. छोट्याशा बूथमध्ये कानाला हेडफोन, त्यात मूळ इंग्रजी, समोर पडदा, आणि इंग्रजीपेक्षा लांब होणारं हिंदी वाक्य तेवढ्याच तोंडाच्या हालचालीत बसवायचं, ओठ मिटले तिथे प-ब-म आला तर उत्तम. हे वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाचं नाव मात्र सगळी इंग्रजी नावं सरकून गेल्यावर येतं, तोवर थेटर रिकामं झालेलं असतं.

पण मला विचाराल तर २०१६ चा शेरखान, म्हणजे परत नानाच, बरोबरच निवडला होता. तो पोस्टरसाठी आणलेला चेहरा नव्हताच, त्या आवाजाचा त्या वाघावर तेवीस वर्षांचा हक्क होता, आणि लहानपणी घाबरलेले लोक आता आपली पोरं घेऊन गेले. अँग्री बर्ड्स २ (२०१९) ला टीव्हीवरचा विनोदवीर घेतला किंवा २०२३ च्या स्पायडर-मॅनमध्ये भारतीय स्पायडर-मॅनला हिंदी आणि पंजाबीत एका क्रिकेटपटूचा आवाज दिला, त्याला मी या रांगेत बसवणार नाही, ती सरळ जाहिरात. त्या स्पायडर-मॅनचं मराठी डबिंगपण झालं होतं, पण त्याची चर्चा फार कमी झाली आणि क्रिकेटपटूचीच जास्त, याचं वाईट वाटतं.

आणि मग जुलै २०२५ मध्ये महावतार नरसिंह आला. आवाजात एकही स्टार नाही, तरी कमाईत आजवरच्या सगळ्या भारतीय ॲनिमेशन पिक्चरना त्याने मागे टाकलं. डबिंगवाले आता वाद घालताना पहिलं नाव त्याचंच घेतील, आणि घ्यावंच.