जुना रेंजफाइंडर घेण्यापूर्वी

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक आधी विचारतात, “कोणती कंपनी चांगली?” आम्ही त्यांना उलट विचारतो, फोटो कोणत्या लेन्सने काढणार? रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, तिच्या वरच्या खिडकीतून बघतो. ती खिडकी लेन्सला साजेशी नसेल, तर नामांकित कॅमेराही कपाटात पडून राहतो.

१९५४ साली आलेल्या लायका एम३मध्ये प्रतिमा ०.९१ पट, म्हणजे जवळपास डोळ्याला दिसते तेवढीच दिसते. ५० मिमीच्या लेन्ससाठी आम्हाला याहून चांगला कॅमेरा माहीत नाही. पण ३५ मिमीच्या लेन्सच्या फोटोत किती येईल ते दाखवणारी चौकट त्याच्या खिडकीत नाही. त्यासाठी लायकाचाच एम२ घ्या. कॅनन पीमध्ये दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो, मात्र चष्मा असेल तर ३५ची चौकट कडेला लपते.

लेन्स जमवायला ३९ मिमी व्यासाच्या स्क्रूने बसणाऱ्या लेन्सपासून सुरुवात करा. अडॅप्टर लावला की त्या लायका एमवरही बसतात. एमची लेन्स स्क्रूच्या बॉडीवर बसत नाही. ज्युपिटर-१२ या लेन्सचं मागचं भिंग मात्र खूप आत शिरतं. बॉडीत अडकतंय असं वाटलं की तिथेच थांबा, जोर लावू नका.

कॅमेरा हातात आला की आधी खिडकीच्या मधला उजळ ठिपका बघा. त्यात त्याच दृश्याची दुसरी प्रतिमा दिसते. लांबच्या खांबावर फोकस अनंतावर नेला की दोन्ही प्रतिमा एकावर एक बसायला हव्यात, वर-खालीसुद्धा. मग हेच एक मीटरवर तपासा. जुळणीतला फरक दुरुस्त होतो. ठिपकाच पुसट झाला असेल तर खर्च मोठा.

नंतर एक सेकंदावर शटर दाबून कान द्या. आतली घरघर एकसारखी चालून थांबली पाहिजे. मध्येच अडखळली, तर तेल सुकलंय आणि सर्व्हिसिंग लागणार. कॅननच्या शटरच्या धातूच्या पडद्यावरच्या सुरकुत्यांना घाबरू नका. झोर्की ४ या कॅमेऱ्यात शटरचा वेग मात्र शटर चढवल्याशिवाय, म्हणजे फिल्म पुढे घेतल्याशिवाय, कधीही बदलू नका.

लेन्समधून टॉर्च मारा. धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत. धुकट थर बऱ्याचदा साफ होतो. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी काढली, तरी काचेवर तिचा व्रण राहू शकतो.

आणि कापडी पडद्याचा कॅमेरा उन्हात ठेवताना लेन्सला झाकण लावा. सूर्य लेन्समधून थेट पडद्यावर पडला, तर कापडाला भोक पडतं.