आधी बोटांत ताकद, मग संगीत? पियानोच्या अभ्यासाबद्दल खुलासा

बडोद्यात दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत, मूल पियानो शिकू लागलं की सल्ला ठरलेला: बोटांत ताकद यावी म्हणून पहिलं वर्षभर फक्त हॅनन (हॅनन या फ्रेंच संगीतकाराचे बोटांचे व्यायाम), बोटं उंच उचलून, जोरात. हा सल्ला चुकीचा आहे.

हॅननचे 60 व्यायाम 1873 मधले. बोटं उंच उचला असं त्यांत लिहिलंय, हे खरं. पण बोटं वाकवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. बोटांपर्यंत पोचतात त्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या. अनामिकेची वरची कंडरा तर शेजारच्या बोटांच्या कंडरांना जोडलेली. तिला एकटीला ताणून उचललं की मनगट आखडतं आणि वेग तिथेच अडतो. दुखलं तर थांबायचं. ‘सहन कर’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

त्यापेक्षा संगीतकार बुर्गम्युलरच्या ओपस 100 या अभ्यास-रचनांच्या संग्रहातला दुसरा अभ्यास, ‘अरबेस्क’, घ्या. आधी डाव्या हाताचे कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) एकटेच, हलके आणि आखूड. मग उजव्या हाताची धाव, म्हणजे भराभर येणारे सलग सूर, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 ठोके. शेवटच्या सुरावर थांबून मनगट सैल झालं का बघा. धाव खडबडीत वाटली तर दोष बहुधा अंगठ्याचा असतो: सुरुवात त्याच्यावर, म्हणून तो आपटतो. सगळे सूर सारखे आले की 4-4 ठोक्यांनी वेग वाढवा. मधल्या भागात धाव डाव्या हाताकडे जाते, तिथे पुन्हा 60 पासून.

हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर मात्र जोर-हलकेपणाचा फरक नीट कळत नाही. वजनदार पट्ट्यांचं वाद्य हवं. हॅनन आवडत असेल तर पाच मिनिटं, सैल हाताने, हळू-मोठ्या आवाजाचे चढउतार करत वाजवावं.